पेंडीची नोंद

लोक राजाचं नाव विसरत, पण बाजाराचा वार कधी विसरत नसत, अशा फार जुन्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ती नुसती ऐकावी. मोठ्यांनी मात्र ऐकता ऐकता आपापल्या वह्या आठवून बघाव्यात.

एका नदीकाठी भरभराटीची पेठ होती. तिथे बाळोजी नावाचा तेली राहत असे. त्याच्याकडे वडिलांपासून चालत आलेला लाकडी घाणा होता आणि एक दणकट बैल होता. भांडवल मात्र नव्हतं. त्याचा मित्र शिदोजी याच्याकडे चार पैसे होते आणि बाजारात मोक्याचं दुकान होतं. दोघांनी भागी केली. तीळ शिदोजीने विकत आणायचे, बाळोजीने गाळायचे, तेल दुकानात विकायचं आणि उरेल तो नफा निम्मा निम्मा. लिहिण्याचं काम शिदोजीकडे आलं, कारण त्याला अक्षर येत होतं आणि बाळोजीला बैल हाकता येत होता.

आठ वर्षं भागी गोडीगुलाबीने चालली. मग बाळोजीला तापाने धरलं. अकरा दिवस तो अंथरुणाला खिळून होता आणि बाराव्या दिवशी गेला. मागे राहिली त्याची बायको हौसा.

तेराव्याला शिदोजी आला. डोळे पुसत म्हणाला, "वहिनी, बाळोजी माझा भाऊच होता. तुम्ही घाणा चालू ठेवा. तीळ मी पाठवत जाईन. महिन्याला दहा रुपये घरी पोचते होतील. हिशेबाची काळजी तुम्ही करू नका."

"भावजी, तुमचाच आधार आहे," हौसा म्हणाली. आणि तिने काळजी केली नाही.

तीन वर्षं ती घाण्यामागे फिरली. तीळ पाखडणं, धुणं, वाळवणं, बैलाला झापडं बांधून घाण्याला जुंपणं, तेल गाळून बुधल्यात भरणं, सगळं तिने एकटीने केलं. तेल गाळून झालं की तिळाचा चोथा उरतो, त्याला पेंड म्हणतात. ती गुरांना घालतात. ही पेंड हौसा गोणीत भरून पडवीत रचून ठेवी आणि आठ दिवसांनी शिदोजीचा गाडीवान ती घेऊन जाई. कुठे नेतो, हे तिने कधी विचारलं नाही. महिन्याच्या महिन्याला दहा रुपये येत होते. पोट भरत होतं.

तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला शिदोजी नवी वही पुजून जुनी वही काखेत मारून हौसाच्या दारात आला. या वेळी त्याने डोळे पुसले नाहीत.

"वहिनी, जुनी वही बंद केली. तुमच्या नावे तीनशे साठ रुपये निघतात."

हौसाला आधी कळलंच नाही. "माझ्या नावे म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही घेतलेले. महिन्याला दहा, बाराचे एकशेवीस, तीन वर्षांचे तीनशे साठ. हे बघा, प्रत्येक नोंद तारीखवार आहे. एवढी रक्कम तुमच्याकडे नसणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी मार्ग काढलाय. घाणा आणि बैल माझ्या नावावर करा. तुम्ही इथेच राहा, काम करा. मजुरी देईन."

हौसाचे कान तापले. तिच्या हातात तीळ पाखडायचं सूप होतं. त्यातले तीळ अंगणभर सांडले तरी तिला भान नव्हतं.

"मी तीन वर्षं राबले ते काय होतं, भावजी?"

"ते वहीत नाही," शिदोजी शांतपणे म्हणाला. "वहीत जे आहे ते तुम्ही नाकारत असाल, तर महाजनांकडे चला."

पेठेतले तंटे मिटवणारा एक म्हातारा महाजन होता. चावडीवर त्याच्यापुढे दोघं उभी राहिली. शिदोजीने हौसाच्या खात्याचं पान उघडून दिलं. महाजनाने ते वरपासून खालपर्यंत वाचलं. बाजारचा दिवस होता, त्यामुळे बघे पुष्कळ जमले होते.

"बाई, हे दहा दहा रुपये तुला मिळाले का?"

"मिळाले, पण..."

"छत्तीस वेळा मिळाले का?"

"मिळाले. पण ते माझेच होते. माझ्या कष्टाचे होते. हा माणूस लबाड आहे, महाजन. माझ्या नवऱ्याच्या चितेची राख निवली नव्हती तेव्हापासून हा..." हौसाचा आवाज चढत गेला. तेल मोजायचं पितळी माप तिने सोबत आणलं होतं. ते तिने शिदोजीच्या पायाशी असं फेकलं की चावडीच्या फरशीचा टवका उडाला. मग ती त्याला बोलली ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही. त्याच्या आईबापांपासून दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत तिने कुणाला सोडलं नाही.

शिदोजी मान खाली घालून ऐकत राहिला. लोकांना त्याची दया आली. हे हौसाने पाहिलं आणि तिचा संताप आणखी भडकला.

ती दमून थांबली तेव्हा महाजन म्हणाला, "या पानातली कुठली नोंद खोटी आहे, ते बोट ठेवून दाखव."

तिला दाखवता येईना. तिला वाचता येत नव्हतं म्हणून नव्हे. त्या पानात खोटी नोंद एकही नव्हती म्हणून.

"मी तुला पुढच्या अमावास्येपर्यंत मुदत देतो," महाजन म्हणाला. "तुझ्याकडे काही असेल तर लिहून आण. आरडाओरडा लिहून घ्यायला माझ्याकडे रकाना नाही. आणि फरशीचे आठ आणे भरून जा."

हौसा घरी आली ती धुमसतच. तिने बैल जुंपला नाही. चूल पेटवली नाही. दुसऱ्या दिवशी भर बाजारात शिदोजीच्या दुकानापुढे उभी राहून तिने पुन्हा शिव्यांची लाखोली वाहिली. पहिल्या दिवशी लोक थांबले. तिसऱ्या दिवशी ते तिला वळसा घालून जाऊ लागले. चौथ्या दिवशी एक गिऱ्हाईक तिच्यादेखत दुकानात शिरलं, तेल घेतलं, आणि बाहेर पडताना शिदोजीला म्हणालं, "तुम्ही फार सोसता हो."

त्या दुकानासमोरच म्हाळसाआत्याची भट्टी होती. म्हाळसाआत्या चुरमुरे-फुटाणे भाजून विकायची. पेठेतली सगळ्यात म्हातारी बाई, तोंडाने फटकळ, आणि तीस वर्षं स्वतःची वही स्वतः लिहिणारी. तिने भट्टीतल्या वाळूत झारा खुपसून ठेवला आणि हाक मारली, "हौसे, इकडे ये. घसा सुकला असेल."

हौसा गेली. आत्याने पाणी दिलं, मूठभर फुटाणे दिले.

"तुझा राग खरा आहे," आत्या म्हणाली. "पण तो तू फुकट वाटत सुटलीस. शिदोजीला तो सगळ्यात स्वस्त पडतोय. तू ओरडलीस की त्याचं गिऱ्हाईक वाढतं."

"मग काय करू? घाणा देऊन टाकू?"

"नोंदी करायला शीक."

हौसा भडकली. "त्या वहीनेच माझा गळा कापलाय, आत्या. पुन्हा वहीचं नाव काढू नका."

"वहीने नाही. अर्ध्या वहीने," म्हातारी म्हणाली. "बस इथे. आता हे फुटाणे तू खाल्लेस. हा व्यवहार झाला. यात माणसं किती?"

"दोन. तुम्ही आणि मी."

"दिलं कुणी? घेतलं कुणी?"

"तुम्ही दिलं. मी घेतलं."

"मग ज्याने दिलं त्याचं जमा, ज्याने घेतलं त्याच्या नावे. दोन्ही लिहायचं. रोज दिवा लागायच्या आत, ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने. त्या वहीला कीर्द म्हणतात. धंदा घाण्याएवढा असो की फुटाण्यांच्या टोपलीएवढा, पद्धत हीच. कुठलीही गोष्ट आभाळातून पडत नाही, तशी ती हवेतही विरत नाही. आली तर कुणाकडून तरी आली, गेली तर कुणाकडे तरी गेली. शिदोजीने तुला दिलेले दहा रुपये तुझ्या नावे लिहिले, ते बरोबरच आहे. तू त्याला काय दिलंस, ते कुठे आहे?"

हौसा फुटाणा चावता चावता थांबली.

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी भट्टीवर येऊ लागली. 'शिदोजी' हे नाव लिहिताना बोरूचं टोक कागदातून आरपार जायचं. आत्या म्हणायची, "कागद महाग आहे. त्याचं नावसुद्धा तू तीळ लिहितेस तसं लिही." हौसा दात आवळून पुन्हा लिहायची. आठ दिवसांत तिला आकडे नीट येऊ लागले. पंधरा दिवसांत ती नोंद वाचू लागली.

मग दोघी चावडीवर गेल्या. शिदोजीची वही निकाल लागेपर्यंत महाजनाच्या ताब्यात होती, आणि ती बघायचा हक्क दोन्ही पक्षांना होता. गेल्या वेळी हौसाचं एकच पान बघितलं गेलं होतं. या वेळी म्हाळसाआत्याने पहिल्या पानापासून कीर्द वाचायला घेतली आणि हौसा बोटावर मोजत ऐकू लागली.

तीळ किती आणले, ते लिहिलं होतं. दर महिन्याला बारा मण, तीन वर्षांत चारशे बत्तीस मण. तेल किती विकलं, कितीला विकलं, ते लिहिलं होतं. सगळा खर्च वजा जाऊन तेलात पाचशे रुपये नफा होता. तो शिदोजीने पुरताच्या पुरता स्वतःकडे जमा धरला होता. प्रत्येक वर्षाच्या पहिल्या पानावर मात्र मथळा होता: 'बाळोजीचे घर व शिदोजी यांची भागी.'

"हे बघ," आत्या म्हणाली. "विधवेच्या घाण्याला राजाने जकात माफ केली आहे. म्हणून मथळ्यात तुझं घर ठेवलंय. आत वाटा नाही, पण दारावर पाटी तुझी."

हौसाच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली. पण ती ओरडली नाही. तिच्या डोक्यात दुसरंच काही फिरत होतं. "आत्या, तिळाची नोंद पुन्हा वाचा. आणि तेलाची."

आत्याने वाचलं.

"एक मण, म्हणजे चाळीस शेर तीळ घातले की सोळा शेर तेल निघतं. कमीत कमी वीस शेर पेंड पडते. मी स्वतः भरली आहे ती गोणीत." हौसा उठून उभी राहिली. "तीळ आला लिहिलाय. तेल गेलं लिहिलंय. पेंड कुठे गेली?"

आत्याने पानं उलटली. पुन्हा उलटली. तीन वर्षांच्या वहीत पेंड हा शब्दच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसा नदीपलीकडच्या गवळीवाड्यात गेली. तिथल्या म्हाताऱ्या गवळ्याने काहीच लपवलं नाही. लपवायला त्याच्याकडे कारणही नव्हतं.

"शिदोजीशेटची पेंड ना? तीन वर्षं आम्हीच घेतो. मणाला दोन रुपये, रोख. गोणी आली की आमची म्हातारी गोठ्याच्या भिंतीवर गेरूची रेघ ओढते. बघा जाऊन."

हौसाने रेघा मोजल्या. एकदा मोजल्या, मग खात्री पटावी म्हणून उलट्या बाजूने मोजल्या. दोनशे नऊ रेघा. दोनशे नऊ गोण्या, प्रत्येक एक मणाची. तिचे स्वतःचे हात त्या प्रत्येक गोणीला लागले होते. तिने आपल्या पाठीवर वाहिलेलं ओझं या भिंतीवर तांबड्या रेघांनी उभं होतं, आणि त्याचे पैसे दुसऱ्याच्या कडोसरीला गेले होते. ती बराच वेळ तिथून हलली नाही. गवळ्याने ताक विचारलं, तेही तिला ऐकू गेलं नाही.

परत येऊन ती आत्याला म्हणाली, "चारशे बत्तीस मणाची पेंड दोनशे सोळा मण होते. भिंतीवर सात कमी आहेत. गेल्या पावसानंतर एक कोपरा शेणाने सारवला, त्याखाली गेल्या असतील. मी दोनशे सोळा लिहिणार."

"दिसल्या त्या दोनशे नऊ लिही."

"सात गोण्या त्या चोराला सोडू?"

"तू जे दाखवू शकत नाहीस ते लिहिलंस, तर दाखवू शकतेस तेही बुडेल," आत्या म्हणाली.

हौसाने रागाने बोरू आपटला. मग उचलला आणि दोनशे नऊ लिहिलं.

असं तिचं पान तयार झालं. तेलाच्या नफ्याचा निम्मा वाटा अडीचशे. पेंडीचे चारशे अठरा, त्यातले निम्मे दोनशे नऊ. दोन्ही मिळून चारशे एकोणसाठ, हौसाचे जमा. मिळालेले तीनशे साठ, हौसाच्या नावे. म्हणजे हौसाने देणं सोडाच, शिदोजीकडूनच नव्व्याण्णव रुपये येणं होतं.

आत्याने पान वाळूवर धरून शाई सुकवली. "त्याने आणखी काही दिलं होतं का तुला? विसरलेलं?"

हौसाला त्या क्षणी काहीतरी आठवलं. बाळोजीच्या दुखण्यातले ते अकरा दिवस आठवले. शहरातून घोडागाडी करून आणलेला वैद्य आठवला. तेव्हा शिदोजी उंबऱ्यात बसून होता, आणि वैद्याच्या हातावर पैसे ठेवताना त्याने बाळोजीच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही."

अमावास्येला चावडी भरली. पुन्हा बाजारचाच दिवस. शिदोजी नवा अंगरखा घालून आला होता. त्याला वाटलं, बाई येईल, किंचाळेल आणि महाजन मला घाणा देऊन मोकळा होईल. हौसा आली ती हातात एक कागद घेऊन. तिने तो महाजनापुढे ठेवला आणि स्वतःच वाचून दाखवला. अक्षर अक्षर लावत वाचला, पण वाचला.

पेंडीची नोंद आली तशी चावडीवर चुळबुळ झाली. गवळीवाड्याचा म्हातारा पुढे येऊन म्हणाला, "भिंत उचलून आणता येत नाही, महाजन. पण चलाल तर दाखवतो."

शिदोजीचा चेहरा उतरला. मग तो सावरला. "भागी बाळोजीशी होती. तो गेला, भागी संपली. बायकोला वाटा कसला?"

हौसाचा आवाज आता खाली होता, पण त्यात निखारे होते. "भागी संपली, तर तीनही वर्षं वहीच्या मथळ्यावर माझ्या नवऱ्याचं घर कसं आलं? जकात माफ करून घ्यायला भागी चालू, आणि वाटा द्यायला भागी बंद?"

महाजनाने वही मागवली, तीन वर्षांची पहिली पानं पाहिली आणि वही मिटली. गेल्या वेळी आपण एकच पान वाचलं होतं, हे त्याला बोचत असावं.

शिदोजी मात्र गप्प बसेना. हातची गोष्ट निसटली की माणसाचा खरा आवाज बाहेर येतो, तसा त्याचा आला. "नव्व्याण्णव मागतेस माझ्याकडे? तुझा नवरा तडफडत होता तेव्हा वैद्य कुणी आणला? गाडीभाडं, औषधं, सगळं धरून साठ रुपये कुणी मोजले? ते लिहिलेस का तुझ्या कागदावर? मला लबाड म्हणतेस, आणि तू?"

महाजनाने शिदोजीची वही पुन्हा उघडली. बाळोजी गेला त्या महिन्याचं पान शोधलं. वरून खाली बोट फिरवलं.

"हे साठ रुपये तुझ्या वहीत नाहीत."

"नाहीत. तेव्हा मी..." शिदोजी अडखळला. "तेव्हा मी ते लिहायचे म्हणून दिले नव्हते."

"मग ते मी धरू शकत नाही," महाजन म्हणाला. "साक्षीला कुणी नाही, नोंद नाही. बाई काय म्हणते, तेवढंच उरलं." त्याने हौसाकडे पाहिलं. "हौसाबाई, असं काही घडलं होतं का?"

आता मंडळी, तुम्हीच विचार करा. वैद्य शहराचा होता, तो केव्हाच वारला होता. तो सोडला तर खोलीत तेव्हा तिघं होती. त्यांतला एक जळून गेला होता, दुसऱ्याच्या शब्दाला किंमत उरली नव्हती आणि तिसरी हौसा होती. नुसतं गप्प राहिलं असतं तरी भागलं असतं. खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती.

आणि या माणसाने तिला तीन वर्षं मजूर केलं होतं, तिच्या डोळ्यांदेखत गोण्या पळवल्या होत्या, भर बाजारात तिला वेडी ठरवलं होतं. साठ रुपये काय, याचं दुकान जळालं असतं तरी ती पाणी घेऊन धावली नसती. बुडू दे, ती मनात म्हणाली. एकदा तरी याचं बुडू दे.

तिची नजर समोरच्या वहीवर गेली. शिदोजीने तिच्या पानावर जे लिहिलं होतं ते सगळं खरं होतं. त्याला अडचणीचं होतं तेवढंच त्याने नेमकं गाळलं होतं. आणि तिने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या कागदावरही सगळं खरं होतं.

तिला शिदोजीचा राग आला होता त्याहून मोठा राग आता स्वतःचा आला. याच्याशी भांडता भांडता आपण याच्याच अक्षरात लिहू लागलो, हे तिला सहन होईना.

"बोरू द्या," ती म्हणाली.

महाजनाने बोरू दिला. तिने कागदाच्या तळाशी, चावडीवरच्या सगळ्यांसमोर, सावकाश लिहिलं: 'बाळोजीच्या दुखण्यात वैद्य, गाडी व औषधे यांस रुपये साठ, शिदोजीचे जमा, हौसाच्या नावे.' मग नव्व्याण्णववर काट मारली आणि खाली एकोणचाळीस लिहिलं.

म्हाळसाआत्या खांबाला टेकून बसली होती. आपण विचारलं तेव्हा हौसाने काय सांगितलं होतं, ते तिला आठवत होतं.

महाजनाने कागद उचलून सगळ्यांना दिसेल असा धरला. "ज्या बाईने स्वतःच्या तोट्याची नोंद कुणी भाग पाडल्यावाचून केली, तिच्या बाकीच्या नोंदींना मी साक्ष मागणार नाही. भागी आजपासून मोडली. घाणा आणि बैल हौसाचे. शिदोजीने एकोणचाळीस रुपये आजच्या आज द्यावेत. माफी विधवेला होती; आपल्या वाट्यावर चुकवलेली जकात त्याने सरकारात भरावी. आणि यापुढे या पेठेत भागीची वही दर पौर्णिमेला दोन्ही भागीदारांपुढे मोठ्याने वाचली जाईल. एकच पान वाचून निकाल मीही देणार नाही."

शिदोजीने पैसे मोजून ठेवले. जाताना तो हौसापाशी थांबला. "वहिनी, ते साठ तुम्ही..."

"हिशेबात होते म्हणून लिहिले," हौसा म्हणाली. "तुमच्यासाठी नाही. आणि आता मला वहिनी म्हणू नका. ते नातं तुम्ही कधीच खर्ची टाकलंत."

तिने त्याला क्षमा केली नाही. गोष्टीत शेवटी सगळे एकमेकांना क्षमा करतात, पण ही तशी गोष्ट नाही. पुढे कित्येक वर्षं शिदोजी रस्त्यात दिसला की तिचा जबडा आवळला जायचा.

शिदोजीचं दुकान लगेच बंद पडलं नाही. पण त्याच्याकडून उधारीवर काही घेतलं की गिऱ्हाईक घरी जाऊन स्वतःही लिहून ठेवू लागलं. तिळाचे व्यापारी माल उतरवण्याआधी वही दाखवा म्हणू लागले. वर्षभरात असा एकही माणूस उरला नाही, जो त्याच्या एकट्याच्या लेखणीवर विश्वास ठेवील. आणि ज्याच्यावर विश्वास नाही त्याला व्यापार फार महाग पडतो. दुसऱ्या पाडव्याला त्याने दुकान विकलं आणि तो पेठ सोडून गेला.

हौसाला भांडवल नव्हतं, तेव्हा तिळाचे व्यापारी आपण होऊन तिच्या दारी आले. "पैसे तेल विकल्यावर द्या, नोंद तुम्हीच करा," असं ते म्हणाले. स्वतःविरुद्ध साठ रुपये लिहिणाऱ्या बाईची वही तपासायला कुणी मागितली नाही. तरीही ती दर पौर्णिमेला ती उघडून बसायची आणि ज्याचा ज्याचा व्यवहार असेल त्याला बोलावून वाचून दाखवायची. तेल, तीळ, बैलाचा चारा, आणि गोणीगोणीने पेंड.

बोध एवढाच: जो फक्त आपल्या सोयीची बाजू लिहितो, तो एकही खोटं अक्षर न लिहिता खोटं बोलतो.